परसातल्या तलंगा निवडायला रंगीत रिंगा आणि टांगता काटा: लई उपयोगी, पण घेताना बघून घ्या

आमच्या कोल्हापूरजवळच्या वडणग्याच्या घरामागं परसात गावठी कोंबड्या आहेत. अंडी घरात खायची, थोडी शेजारी द्यायची आणि दरवर्षी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू बघणारी, कोंबडी बसवून पिल्ली काढायची असा आमचा बेत असतो, म्हणजे आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काम कुठलं तर पिल्ली मोठी झाली की त्यातल्या कुठल्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, पुढच्या आया म्हणून ठेवायच्या आणि कुठल्या विकायच्या ते ठरवणं. त्यासाठी दोन वस्तू घेतल्या, पायात घालायच्या प्लॅस्टिकच्या रंगीत स्पायरल रिंगा आणि हुकाला टांगायचा डिजिटल वजनकाटा. पिल्लांची एक अख्खी पिढी यावर वाढवून, निवडून झाली म्हणून आता लिहितेय. रिंगांना पाचातले साडेचार, काट्याला साडेतीन.

पहिल्यांदा हे सांगते की रिंग कशाला पाहिजे, कारण बरेच जण म्हणतात आम्ही आमच्या कोंबड्या ओळखतो की. मोठ्या कोंबड्या ओळखू येतात, खरंय. पण एकाच कोंबडीखाली निघालेली तपकिरी ठिपक्यांची पिल्ली महिन्याभरानं सगळी एकसारखी दिसतात, त्यातलं कुठलं पावसात शिंकत होतं, कुठलं दाण्यावर मागं पडत होतं हे पाचव्या महिन्यात कुणाच्याच लक्षात राहत नाही. मग आपण काय करतो, त्या दिवशी जी तलंग चकचकीत दिसती ती ठेवतो. आणि माझं म्हणणंच हे आहे की अंड्यापिल्लांसाठी तलंग ठेवायची तर तिचा त्या दिवसाचा चेहरा बघून ठेवू नका, ती वाढली कशी ते बघून ठेवा. वाढीचा हा हिशोब पायात खूण असल्याशिवाय ठेवताच येत नाही.

आमच्या घरातलंच उदाहरण घ्या. यंदा एक काळी तलंग होती, पिसांवर हिरवट झाक, तुरा लालबुंद, चाल ऐटीत. आत्तींचा जीव तिच्यावर. मी निवडायला बसले तेव्हा म्हणाल्या, "अगं ती काळी ठेव की, बघ कशी चमकतीय, तिच्यासारखी एक न्हाई यात." मी वही उघडली. काळीच्या पायात निळी रिंग, आणि निळीच्या पानावर लिहिलेलं होतं, जुलैच्या झडीत नाक गळत होतं, घरघर, वेगळी डालून ठेवली, बरी झाली, आणि ऑगस्टच्या शेवटी परत तेच. "आत्ती, हिला दोनदा सर्दी झालीय बघा," म्हटलं. त्या म्हणाल्या, "झाली बरी न्हवं?" आता इथंच खरी गोष्ट आहे. कोंबड्यांचा श्वासाचा जो जुनाट आजार असतो, डॉक्टर ज्याला सीआरडी म्हणतात, तो मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूमुळं होतो आणि कोंबडी वरून बरी दिसली तरी जंतू अंगात राहतो, आणि अंड्यातून पिल्लात उतरतो. खाण्यापुरती अंडी घ्यायची असती तर एकवेळ ठेवली असती, पण जिच्या अंड्यातनं पुढची सगळी पिल्ली निघणार ती अशी नको. साधी सर्दी होती का सीआरडी हे तपासल्याशिवाय कळत नाही, पण आया निवडताना एवढी शंका पुरे आहे. आत्तींना पटलं, जड मनानं पटलं, पण पटलं. रिंग नसती तर ती काळीच आमच्या कळपाची आई झाली असती.

आता वस्तूबद्दल. स्पायरल रिंग म्हणजे किल्लीच्या कड्यासारखी प्लॅस्टिकची गुंडाळी, उलगडून पायाभोवती फिरवायची की बसली, काढताना तशीच उलटी फिरवायची. एकटीला कोंबडी काखेत धरून घालता येते, पक्कड वगैरे काही लागत नाही. आकार बघून घ्यायचा हे सगळ्यात महत्त्वाचं. आतला व्यास मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो, लहान पिल्लांना ८ च्या आसपासची, वाढत्या तलंगांना १२, मोठ्या गावठी कोंबडीला १४ ते १६ आणि कोंबड्याला १८ किंवा २०. रिंग पायावर वरखाली सरकली पाहिजे, फिरली पाहिजे, पण पंजावरून खाली निघाली नाही पाहिजे आणि गुडघ्यावरही चढली नाही पाहिजे. पेन्सिल आत जाईल एवढी फट असली की बरोबर.

आणि हे कृपा करून लक्षात ठेवा, पिल्लू वाढतं तसा पाय जाड होतो, रिंग काही मोठी होत नाही. आठवड्यातनं एकदा संध्याकाळी खुराड्यात शिरताना प्रत्येकीची रिंग बोटानं फिरवून बघायची. न फिरणारी रिंग मांसात रुतते, पाय सुजतो आणि कोंबडी लंगडी होते. काही लोक रिंगेऐवजी वायर बांधायची प्लॅस्टिकची पट्टी, केबल टाय लावतात, स्वस्त पडते म्हणून. मला ते अजिबात आवडत नाही, ती सैल करता येत नाही, फक्त कापता येते, आणि कात्री घेऊन फडफडणाऱ्या पायाशी कोण खेळणार.

रंगांचं पण सांगते. पाकिटात दहा-बारा रंग येतात पण कामाचे मोजकेच. संध्याकाळच्या उजेडात लाल आणि गडद गुलाबी एक दिसतात, पिवळा आणि केशरी उन्हानं फिकट होऊन एकमेकांत मिसळतात, हिरवा तर गवतात दिसतच नाही. पांढरा, पिवळा, निळा, लाल हे चार वेगळे उठून दिसतात, मग डावा पाय उजवा पाय धरून खुणा वाढवायच्या. आमच्याकडं डाव्या पायात वर्षाचा रंग आणि उजव्या पायात ती कुठल्या आईची त्याचा रंग, आणि त्याच आईच्या बहिणीबहिणी वेगळ्या ओळखायला उजव्याच पायात दुसरी एक रिंग. नंबर छापलेल्या क्लिपच्या रिंगाही मागवून बघितल्या, त्यांचे आकडे चिखलानं आणि घासून पुसले गेले आणि उन्हाळ्यात क्लिप तडकायला लागल्या, त्या घेऊ नका. अर्धा मार्क कापलाय तो स्पायरललाही पावसाळ्यात लाल चिखल रिंग आणि पायाच्या मध्ये जाऊन सुकतो त्यासाठी. तेवढं धुवायचं काम वाढतं, आणि रिंगेखाली खवल्यांची खरूज तर लागली नाही ना ते पण तेव्हाच बघून घ्यायचं.

एक अडचण मात्र रिंग सोडवत नाही, ती म्हणजे पहिल्या दिवसापासूनची ओळख. एका दिवसाच्या पिल्लाच्या पायात कुठलीच रिंग टिकत नाही. त्याला पंजाच्या बोटांमधल्या पातळ पडद्याला बारीक भोक पाडायची चिमटी मिळते, दोन पायांचे मिळून चार पडदे, कुठं भोक आहे कुठं नाही यावरून १६ वेगळ्या खुणा होतात. कुठलं पिल्लू कुठल्या आईच्या अंड्यातलं हे तेवढ्यात मावतं. काही वेळा भोक बुजतं, म्हणून पहिल्या आठवड्यात एकदा बघून घ्यायचं. वेगवेगळ्या कोंबड्यांची अंडी एकाच खुडूक कोंबडीखाली ठेवत असाल तर अंड्यांवर पेन्सिलनं खूण करा आणि विसाव्या दिवशी वेगवेगळ्या टोपलीत काढा, नाहीतर एकविसाव्या दिवशी सगळी सरमिसळ.

आता काटा. हा प्रवासाच्या बॅगा तोलायचा ५० किलोपर्यंतचा लगेज काटा, ऑनलाईन अडीचशे-तीनशेच्या घरात मिळतो. १० ग्रॅमच्या फरकानं वजन दाखवतो, तलंगांना तेवढं पुरतं, पण चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना नाही पुरत, त्यांना किचनमधला सपाट काटा बरा. कोंबडी उलटी टांगायची नाही. जुन्या उशीच्या खोळीचा एक कोपरा डोकं बाहेर येईल एवढा कापायचा, कोंबडी आत, डोकं बाहेर, खोळ हुकाला. अंधारात घातल्यासारखी गप्प होते, पंख उघडत नाही. आधी रिकामी खोळ टांगून शून्य करून घ्यायचा.

मार्क कुठं कापले तर उन्हात आकडे दिसत नाहीत, सावलीत जावं लागतं, आणि कोंबडी जरा हलली की आकडा नाचत राहतो. आकडा धरून ठेवायचं बटण आहे पण ते घाईनं कुठलातरी आकडा धरतं. आणि काटा मध्येच स्वतःहून बंद होतो. बरोबर चाललाय का ते बघायला मिठाची १ किलोची पुडी टांगून बघायची, माझा काटा २० ग्रॅम जास्त दाखवतो. सगळ्यांनाच जास्त दाखवतो म्हणून आपसात तुलना करायला फरक पडत नाही.

तोलायची वेळ एकच धरा, सकाळी दाणे टाकायच्या आधी. संध्याकाळी गळ्यातली थैली मक्याच्या भरड्यानं आणि कणीनं भरलेली असते, तेवढ्यानं शंभर ग्रॅमपर्यंत फरक येतो आणि आधाशी कोंबडी उगीच वजनदार ठरते. चार, आठ, बारा, सोळा आठवड्यांना तोललं की बास. तलंगांची सरासरी तलंगांचीच काढायची, नर त्यात धरायचे नाहीत, ते जड असतात.

वजनाचं मला जे कळलं ते असं की सगळ्यात जड ती सगळ्यात चांगली हे खरं नाही. पोल्ट्रीवाले सरासरीच्या १० टक्के इकडं-तिकडं असलेले पक्षी एकसारखे मानतात, मी पण तोच माप धरते. फार खाली राहिलेली तलंग म्हणजे कुठंतरी आजार, जंत किंवा दाण्यावर मार खाणारी. फार वर गेलेली पोटात चरबी साठवती आणि अंड्याला कमी पडती. आठव्या आठवड्यात मागं असलेली सोळाव्या आठवड्यात सरासरीत आली तर मी तिला एक संधी देते, पण दोन्ही वेळा मागं असली तर ती विकायचीच. गावठी तलंग सोळा-वीस आठवड्यांत किलो-सव्वा किलोच्या आसपास भरते, आसील या मोठ्या अंगाच्या झुंजीच्या जातीचं रक्त असलं तर जास्त, त्यामुळं दुसऱ्याच्या कोंबड्यांशी तुलना करू नका, आपल्याच घरातल्या बहिणीबहिणींत करा.

काटा आणि रिंग वापरली म्हणून हात लावायचा राहू नये, खरी निवड शेवटी हातातच होते. तलंग मांडीवर घेऊन छातीचं हाड वरपासून खालपर्यंत बोटानं चाचपायचं, ते सरळ पाहिजे. वाकडं असलं तर बऱ्याचदा लहानपणी अरुंद काठीवर बसून किंवा कॅल्शियम, ड जीवनसत्त्व कमी पडून झालेलं असतं. चोच वरखाली नीट जुळते का, शेपटी एका बाजूला कललीय का, बोटं सरळ आहेत का. कात्री चोच आणि कललेली शेपटी यांची तलंग आई म्हणून ठेवूच नका, हे दोष पिल्लांत उतरू शकतात. डोळ्यात डोकावून बघा, बाहुली गोल आणि कडा स्वच्छ पाहिजे. बुबुळ राखाडी पडलेलं आणि बाहुली वेडीवाकडी दिसली तर मॅरेक्स या कोंबड्यांच्या विषाणूच्या आजाराची शंका घ्यायची.

अंडं कधी सुरू होणार ते मागच्या बाजूला कळतं. शेपटीखाली दोन टोकदार हाडं लागतात, त्यांच्यामध्ये एकच बोट बसलं तर अजून वेळ आहे, दोन बोटं बसायला लागली, कातडी मऊ पडली आणि खालची वाट ओलसर, रुंद झाली की अंडं जवळ आलं. गावठीत पाचव्या-सहाव्या महिन्यापासून सातव्यापर्यंत कधीही. पण लवकर घातलं म्हणजे चांगली असं नाही. अंगानं लहान असताना घाईनं अंड्यावर आलेली तलंग बारीक अंडी घालते आणि अंग बाहेर येण्याचा त्रास तिलाच जास्त होतो. आणि हो, अंड्यावर यायच्या आधी लेअर फीड, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, सुरू करू नका, त्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं, वाढत्या तलंगांच्या मूत्रपिंडाला ते झेपत नाही, ग्रोवर, म्हणजे वाढीचं खाद्यच चालू ठेवायचं.

आता खुडूकपणा. पोल्ट्रीवाल्याला खुडूक कोंबडी नको असते कारण ती बसली की अंडी बंद. आम्हाला मात्र ती पाहिजेच, मशीन न घेता पिल्ली काढायची तर खुडूक बसून एकवीस दिवस अंड्यावरून न उठणारी, पिल्ली पंखाखाली घेणारी, मुंगसावर धावून जाणारी आई लागते. हे तलंगेत दिसत नाही, तिच्या आईत दिसतं. म्हणून उजव्या पायातला आईचा रंग. यंदा पांढऱ्या रिंगवाल्या लेकींची आई अशी होती की घिरट्या घालणारी घार दिसली की पिल्लांना घेऊन उसाच्या पाचटाखाली, तिची पिल्ली सगळ्यात जास्त जगली, तिच्या लेकींना मी वजनात थोडी सूट दिली आणि ठेवल्या.

शेजारचे दादा विचारत होते, गिरिराजा, वनराजाच्या तलंगा पण यातच ठेवल्या तर चालतील का, वजन चांगलं भरतं त्यांचं. खायला आणि विकायला ठेवा की, कोण नको म्हणतंय. गिरिराजा बेंगळुरूला आणि वनराजा हैदराबादला मुद्दाम संकर करून तयार केलेल्या, त्यांची अंडी घरी उबवली तर पुढच्या पिल्लांत ते गुण तसेच उतरत नाहीत, आणि खुडूक बसण्याच्या बाबतीत त्या गावठीची बरोबरी करत नाहीत. आमच्याकडं अशा दोघी-तिघींच्या पायात लाल रिंग, त्यांची अंडी उबवायला घ्यायची नाहीत, घरात आमलेटला.

उलट्या पिसांच्या कोंबड्या आवडणाऱ्यांना एक सांगणं, दोन्हीकडनं उलटी पिसं ठेवू नका. आई पण तशी आणि कोंबडा पण तसा असला तर साधारण चौथा हिस्सा पिल्लांची पिसं इतकी वळतात की तुटून अंग उघडं पडतं, आणि आपल्या पावसाळ्यात असलं पिल्लू जगवणं अवघड. एक उलट्या पिसांचं आणि एक सरळ, असं ठेवलं की काळजी नाही.

कोंबड्यालाही रिंग घाला, जास्त करून रक्त बदलायला. आठ-दहा तलंगांना एक कोंबडा पुरतो, पण तो त्यांचा भाऊ नको, रंग बघून लगेच कळतं. नवा कोंबडा आणला तर जुना काढल्यावर दोन-तीन आठवडे अंडी उबवायला ठेवू नका, जुन्याचं बीज कोंबडीच्या पोटात तेवढे दिवस टिकतं. कोंबड्याच्या पायाचा काटा वाढला की रिंग त्याच्या वरच्या बाजूला राहील अशी घालायची.

निवडीची वेळ आमच्याकडं आखाडाच्या आधी धरतो, म्हणजे ज्या ठेवायच्या नाहीत त्या गावठी म्हणून चांगल्या भावानं जातात, तांबड्या-पांढऱ्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. श्रावण लागला की भाव पडतो. त्या हिशोबानं पिल्ली हिवाळ्यात, जानेवारी संपायच्या आत काढली की आखाडापर्यंत तलंगा निवडायच्या वयात येतात. आमची काळीसारखी उशिरा निघालेली पिल्ली मागनं वेगळी निवडावी लागतात, त्यांना भाव पण जरा कमीच लागतो.

घेणार असाल तर १२ आणि १६ मिलिमीटरची दोन पाकिटं एकदमच मागवा, वाढत्या तलंगेची रिंग बदलायची वेळ आली आणि मोठी घरात नसली की लोक जुनीच राहू देतात. शहरातल्या एका पोल्ट्री साहित्याच्या दुकानात मला विचारल्यावर फक्त कबुतरांच्या रिंगा दाखवल्या, त्या कोंबडीला बसत नाहीत, त्यामुळं मी ऑनलाईनच मागवल्या. पाकीट आलं की एक रिंग उलगडून हातात दोन-तीनदा ताणून बघायची, पांढरी रेघ उमटली तर प्लॅस्टिक कच्चं आहे, लगेच परत करा. काट्याबरोबर सेल येतो तो चाचणीपुरताच असतो, नवा सेल आणि उशीची खोळ आधीच तयार ठेवा.